बाबांच्या सुटकेचा अर्ज

लिपा, जून १९०३

आई, आशीर्वादासाठी इथूनच तुझा हात कपाळाला लावते.

बाबा सुटले! थोडा खोकला आहे, म्हणून रविवारी निघू. डुकरीण व्याली का?

बंडखोरांना तांदूळ दिल्याच्या आळातून सोडावं, असा अर्ज मी इंग्रजीत लिहिला. आमच्या शाळेतल्या अमेरिकन बाईंनी एक अक्षर बदललं नाही. "वडील तुझे, तूच बोल," म्हणाल्या.

इथल्या अमेरिकन कप्तानाने तो वाचला आणि मला खुर्ची दिली. आई, ज्याच्या बंदुकांपुढे गाव वाकलं, त्याने माझ्या शब्दांखाली सुटकेची सही केली!

तुरुंगातून परतताना बाबा वाटेत थांबले. मग म्हणाले, "कागदावर माझं नाव कसं लिहिलंस, दाखव." मी धुळीत लिहिलं. त्यावर पाय न देता ते वळसा घालून गेले.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
फेलिसा