जानकीत साचलेलं गोडं पाणी

प्रिय बाबा,

परवा नारळी पौर्णिमा. बंदरावर रंगाचा वास सुटलाय. सगळ्यांच्या होड्या नटूनथटून बसल्यात आणि आपली जानकी माडाखाली झाप पांघरून तशीच पडलीय. आज मुरुडचा एक लॉजवाला येऊन तिला मागून गेला. उद्या त्याला उत्तर द्यायचंय. आई बोलतच नाही, काका नुसते माझ्या तोंडाकडे बघतात. मग मी कुणाशी बोलू? तुझ्याशीच ना! गेलास म्हणून सुटलास असं समजू नकोस.

कशाला हवीय त्याला, माहितीय? लॉजच्या दारात ठेवून तिच्यात माती भरणार नि झेंडू लावणार. पाहुणे तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतील. "काळजी करू नका ताई, रोज पाणी घालू," म्हणाला. रोज पाणी! मला आधी हसू आलं, मग असं रडू कोसळलं की तो बिचारा चहा अर्धा टाकून उठला.

खारं पाणी होडीला पोसतं नि गोडं पाणी होडीला खातं, हे मी फ्रॉकात होते तेव्हापासून तुझ्या तोंडून ऐकतेय. पावसाआधी होडी वर ओढली की तू मला हाक मारायचास. आतून समुद्राच्या पाण्यानं धुवायची. ते पाणी रात्रभर आतच ठेवायचं, म्हणजे फळ्या फुगून एकमेकींना धरतात. सकाळी तळाचं बूच काढायचं, होडी सुकवायची, तेल चोपडायचं, आणि मग माडाचे झाप बांधायचे. दोन्ही टोकं उघडी, वारा फिरायला. माझ्या गाठींना किती नावं ठेवायचास! "ही गाठ हाय का पोरीची येनी?" आठवतं?

यंदाही तू होडी धुतलीस, पाणी आत ठेवलंस, घरी येऊन पोटभर जेवलास. आणि सकाळी उठलाच नाहीस. असं कुणी जातं का रे, काम अर्धं टाकून?

अग्नी मी दिला. तूच साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतंस, "मुलगा न्हाय तर काय झालं? माझी बाय हाय." काकांनीच मडकं माझ्या खांद्यावर ठेवलं. त्या दुःखातही मला केवढा अभिमान वाटला होता, बाबा!

मग पाऊस आला. यंदा लवकरच आला मेला. तोवर तिसरा दिवस उलटला होता, आणि लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवसांचं. मी काकांना म्हटलं, "काका, माझं सासर थळचं. माझं सुतक फिटलं. मी जाऊन नुसतं बूच काढून येते."

काकांनी मान हलवली. "अग्नी तू दिलास. आता तू लेक न्हाय, लेकाच्या जागी हायस. तेरावं झाल्याबिगर गेलेल्या तांडेलाच्या होडीला शिवायचं न्हाय. तुझ्या बापसानंच घालून दिलंय हे."

खोटं कुठे होतं त्यांचं? आजी गेली तेव्हा तुझी नवी जाळी किनाऱ्यावर पावसात कुजली, पण तू हात लावला नाहीस. गाव अजून सांगतं, सुतक पाळावं तर असं. होडीला तिचंच नाव दिलंस. बाबा, कशाला रे एवढा कडक झालास? थोडा कच्चा राहिला असतास तर काय बिघडलं असतं?

पडवीतून होडी समोर दिसायची. मी दिव्यात तेल घालायची आणि पाऊस ऐकत बसायची. शेजाऱ्यांना सांगावं तर सगळी आळी आपली भावकी, सगळ्यांनाच सुतक. बाकीचे म्हणाले, दुसऱ्या तांडेलाच्या होडीला आम्ही कसा हात लावू? आणि पाणी चढत गेलं. एक दिवस ते काठावरून सांडायला लागलं. आई उठली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. तेव्हा मी तुझ्यावर चिडले. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण मी चिडले.

तेरावं झालं आणि मी धावत सुटले. बूच काढलं तर काळं, कुबट पाणी आलं, किती वेळ येतच राहिलं. पुढे ऊन कुठलं मिळायला? लोक म्हणाले, ताडपत्री टाक. मी नाही टाकली. झापच बांधले, दोन्ही टोकं उघडी ठेवून. गाठी बघायला हव्या होत्यास, तुला नावं ठेवायला जागा सापडली नसती!

पाऊस जरा ओसरला तसं हसनचाचांना बोलावलं. तुझ्याबरोबर जानकी बांधणारे तेच, म्हणून. त्यांनी कण्यावर पटाशी टेकवली. भिजलेल्या पावात सुरी जावी तशी आत गेली. त्यांनी दुसरीकडे टेकवली, तिथेही तेच. मग ती पिशवीत ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "फळी असती तर बदलली असती बेटा. कणाच गेला. एवढं पाणी साचेपर्यंत कुणी काढलं कसं नाही?"

"सुतक होतं चाचा. कुणालाच शिवायचं नव्हतं."

"अगं, मग मला हाक मारायची! मला कुठलं आलंय सुतक?"

बाबा! हा माणूस आपल्या दारावरून येत-जात होता. तुझ्या मयतीला आला होता, पुन्हा येऊन आईपाशी बसूनही गेला. आणि आम्ही सगळे पडवीत बसून पाणी चढताना बघत होतो. माझ्या डोक्यात आलं नाही, काकांच्या नाही, कुणाच्याच नाही. एक हाक मारायची होती रे. बूच काढायला वेळ तो किती लागतो?

काका तिथेच वाळूत बसले. "माझ्यामुळं झालं," एवढंच म्हणत राहिले. त्यांना दोष कसा देऊ? ते तुझंच ऐकत होते.

लोक म्हणतात, फायबरची घ्या, ना कुजायची भीती ना झाप बांधायची कटकट. सांगणारे सांगोत. मला आता काहीच नको वाटतं. तुझे सदरे धुतले आणि त्यातला तुझा वास गेला. एक जानकी होती, जिच्या काठावर हात ठेवला की तू जवळपास असल्यासारखं वाटायचं. तीही आम्ही आमच्या हातांनी घालवली. हात न लावता घालवली! रात्री पावसाची सर आली की मी अजूनही दचकून उठते, आणि मग आठवतं की आता वाचवायला काही उरलंच नाही.

उद्या मी लॉजवाल्याला नकार देणार आहे. तिच्यात माती भरून, रोज गोडं पाणी पाजून कुणी झेंडू फुलवायचे नाहीत. यंदा आपल्याला सण नाही. परवा बाकीच्यांचे नारळ वाहून झाले आणि उधाण चढलं, की मी, काका आणि हसनचाचा जानकीला ढकलत खाडीत नेऊ. तिवरांच्या कडेला, जिथे जुन्या होड्या बुडवतात तिथे.

आज काकांनी हळूच विचारलं, "बूच कोण काढील गो?"

मी काढीन, बाबा. तुला शब्द देते. या वेळी कुणाला विचारणार नाही, कुणासाठी थांबणार नाही. तिच्यात शेवटचं पाणी येईल ते खारं असेल.

तुझी,
बाय