पाठवणी कुणाची

रत्नागिरी,
४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. मथुराताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी कितीही ओरडले तरी तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. सलिलचा साखरपुडा करून परवा शिलाँगहून आलो. ताई, विहीणबाईंना बघायला हवं होतंस! घर असं राखलंय की बघत राहावं. दारात पाऊल टाकलं की आधी पानसुपारी, मग पाणी. ती ओली सुपारी खाऊन ह्यांना दरदरून घाम फुटला, तर बाई स्वतः वर्तमानपत्राने वारा घालत बसल्या. घर त्यांच्या आईचं, आडनावही आईचंच चालतं, आणि भाऊसुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मी तर बाई थक्क झाले.

एकच जिवाला लागलं. आपली होणारी सून इबानरी त्यांचं शेंडेफळ. लग्न झालं की ती इथे येणार, मग त्या माउलीने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? सलिलला म्हटलं, तिथली नोकरी सोड आणि आपली बाग बघ. तो बघू म्हणाला, म्हणजे येतोयच. वरची खोली रंगवायला काढलीय. विहीणबाईंनाही धीराचं पत्र टाकलं, की लेकरू आता आमचं, तिला काही कमी पडू देणार नाही, तुम्ही रडू नका. आपल्या सावनीने सासरहून त्याचं इंग्रजी करून दिलं.

भाऊजींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लीला


देवरूख,
९ नोव्हेंबर

चि. सौ. लीलास,
अनेक आशीर्वाद.

कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, त्यामुळे पत्र दोनदा वाचलं. तुझ्या विहीणबाईंबरोबर एक पान खावं असं मलाही वाटायला लागलंय.

पण लीले, उतावळा नवरा ऐकला होता, उतावळी सासू आपल्याच घरात निघाली! जिथे आडनाव आईचं चालतं, तिथे लेक सासरी जाते हे तुला कुणी सांगितलं? आपल्याकडे जाते म्हणून जगात सगळीकडे जाते होय? आणि सलिलच्या बघूवर विसंबू नकोस. मुलगे आईला नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. आधी विहीणबाईंना नीट विचार. तोवर रंगाऱ्याला थांबव.

थंडी पडतेय, जपून राहा. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी,
ताई


रत्नागिरी,
२१ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी विचारायच्या आतच विहीणबाईंचं उत्तर आलं. त्यांच्यात धाकटी लेक आईचं घर पुढे चालवते आणि जावई तिच्याकडे राहायला येतो. त्यांना वाटलं, मुलगा जाणार या दुःखाने मी काहीतरी उलटसुलट लिहिलंय. म्हणून त्यांनीच मला धीर दिलाय. सलिल आता त्यांचा, त्याला काही कमी पडू देणार नाहीत, मी रडायचं नाही. त्याच्यासाठी खोलीही रंगवून झालीय म्हणे!

मी इतकी रडले की हे ताटावरून उठले. सलिलला फोन केला. मेल्याला सगळं ठाऊक होतं, सांगायची छाती नव्हती. शेवटी म्हणाला, आई, तू हट्टच धरलास तर आम्ही दोघं रत्नागिरीला येऊ. तेवढंच तर मला हवं होतं, आणि ये म्हणायचं सोडून मी फोन ह्यांच्या हातात दिला. त्या बाईचं मला वाईट वाटत होतं गं, पण तिची लेक आणायची नाही असं एकदाही मनात आलं नव्हतं. माझा मुलगा मागितला तेव्हा मात्र रडून घर डोक्यावर घेतलं.

आणि त्या माझं पत्र वाचून रागावल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असते तर अशा विहिणीला पानसुपारी सोड, पाणीही विचारलं नसतं. मन मोठं आहे हो बाईचं. सलिलला सांगितलं, जा बाबा. आंब्याच्या दिवसांत दोघांनी इथे यायचं, एवढं विहीणबाईंकडून कबूल करून घेतलंय.

तुला एक विचारायचं होतं. सावनी सासरी निघाली तेव्हा तिची ओटी भरली, डोळे पुसले आणि गाडीत बसवली. मुलाची पाठवणी आपल्यात कुणी केलीय का? त्याची ओटी तर भरत नाहीत. मग निघताना त्याच्या हातात काय द्यायचं गं, ताई?

लवकर कळव. तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी,
लीला