उत्तर आलं की पुढचा मेल जात नाही

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून विक्री माझ्याकडे. जुलैत अनुराधा गेली तेव्हापासून ती कुणाकडेच नव्हती. अकरा वर्षं ज्यूटच्या पिशव्या ती विकत होती आणि मी बजबजहून कापड आणून शिवून घेत होतो. म्हणजे खरा धंदा मीच करत होतो. ईमेल पाठवायचे, लिंक्डइनवर ओळखी काढायच्या, इन्स्टाग्रामवर पिशव्यांचे फोटो टाकायचे, यात एवढं काय आहे? तीन महिन्यांत विक्री दुप्पट. लिहून ठेवतो.

सगळं तयारच आहे. जूनमध्ये हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या तिने महाराष्ट्रातल्या दोनशे व्यापाऱ्यांसाठी मराठीत पाच मेल करून ठेवले होते. दर चार दिवसांनी एक आपोआप जातो. कुणाचं उत्तर आलं की त्याला पुढचा जात नाही. मला फक्त 'सुरू' दाबायचं होतं. दाबलं. बटण सापडायला पाऊण तास गेला.

पाठवणाऱ्याचं नाव अनुराधाच ठेवलंय. जान्हवी म्हणाली, बाबा, ते बदल. पोरगी इथे कोलकात्याच्या सेक्टर फाइव्हमध्ये एका आयटी कंपनीत याच लाइनीत नोकरी करते म्हणून तिला वाटतं बापाला काही कळत नाही. तिला सांगितलं, यात भावना वगैरे काही नाही, बाईचं नाव असलं की मेल जास्त उघडले जातात. सोमवारी बदलतो म्हटलं. आज सोमवारच आहे. म्हणजे पुढच्या.

दुपारी

यादीत पहिलं नाव माझं निघालं! मेल कसा दिसतो ते बघायला ती मला कायम पहिल्या ओळीत टाकायची, हे विसरलोच होतो. 'नमस्कार मुकुंदजी.' एकतीस वर्षांत मला कधी 'जी' लावलं नाही. अहो, नाहीतर ऐकलंत का. शेवटी लिहिलंय, इथे कोलकात्यात घामाने जीव नकोसा झालाय, तुमच्याकडे पाऊस पडला का? जूनमधला मजकूर. बदलायला हवा. राहू दे, घरगुती वाटतो.

पुढचे चार आधी वाचणार नाही. ग्राहकाला येतील तसेच मलाही यायला हवेत. याला टेस्टिंग म्हणतात.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा मेल दहाला आला. मी साडेनवापासूनच तयार होतो. करुणामयीहून लवकरची मेट्रो पकडली, एस्प्लनेडला चहासुद्धा घेतला नाही. 'मुकुंदजी, मागचा मेल कदाचित नजरेआड झाला असेल.' नाही गं झाला.

प्रतिसाद: चार. तीन 'मी सुट्टीवर आहे' छापाचे, एक 'असा पत्ता अस्तित्वात नाही'. चारही वहीत प्रतिसाद म्हणून नोंदवले. नकार एकही नाही.

मेल उघडण्याचं प्रमाण मात्र झकास. आकडा रोज चढतोय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरा मेल. आणि खरंखुरं उत्तर! तासगावहून प्राजक्ता म्हणून कुणी आहेत, बेदाण्यांचा व्यापार. भेटीच्या पाकिटांसाठी चार हजार पिशव्या हव्यात. लिहितात, अनुराधाताई, असे मेल रोज शंभर येतात, पण पाऊस पडला का असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. फोनवर बोलूया, कधी करू?

बघा. मी म्हणालो होतो, मजकूर बदलायचा नाही.

उत्तर लिहायला दुपार गेली. खरं काय ते लिहिणार होतो. पण पहिल्याच ओळीत असलं काही लिहिलं तर ग्राहक बिथरतो. म्हणून अनुराधाच्या नावानेच लिहिलं, सध्या बाहेरगावी आहे, आल्यावर बोलू. बाहेरगावी. चार दिवसांनी येणार असल्यासारखं वाटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

जान्हवी आली. आल्या आल्या लॅपटॉप घेऊन बसली. मोठ्या ऐटीत तिला आकडा दाखवला: तीन मेल, तीनशे बारा वेळा उघडले. तिने कुठेतरी टिचकी मारली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. तीनशे बारापैकी दोनशे एकोणनव्वद वेळा एकाच पत्त्यावर उघडलेत. यादीतला पहिला.

टेस्टिंग, म्हटलं.

ती उठली. स्वयंपाकघरात जाऊन चहा करून आणला, साखर विसरली. मग मी विषय बदलायला म्हणून विचारलं की शेवटच्या मेलमध्ये साधारण काय असतं. सूट वगैरे? ती म्हणाली, नाही बाबा, पाचवा निरोपाचा असतो. हा माझा शेवटचा मेल, यापुढे त्रास देणार नाही, असं लिहायचं. लोकांना वाईट वाटतं आणि ते उत्तर देतात. या धंद्यातली रीतच आहे. आणि आईचा तो पाचवा तिनेच टाइप केलाय, आई सांगत होती तसा.

काय आहे त्यात, असं मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चौथा मेल आला, शनिवार-रविवारी मेल जात नाहीत म्हणून आज. छोटाच आहे. 'मुकुंदजी, एकच साधा प्रश्न. तुमची नेमकी अडचण काय आहे, एका ओळीत कळवाल का?'

कामात लक्ष लागलं नाही. पाठवणाऱ्याचं नाव बदलायचं राहिलं. पुढच्या सोमवारी नक्की.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विचारांती धोरण बदललं. दर चार दिवसांनी मेल म्हणजे फार आगाऊपणा होतो. चौथ्या आणि पाचव्या मेलमधलं अंतर वाढवलं. रकान्यात तीनच आकडे मावतात म्हणून ९९९ दिवस ठेवले. ग्राहकाला विचार करायला वेळ मिळायला हवा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळपासून लिंक्डइनवर अनुराधाचं अभिनंदन चाललंय. कामाची अकरा वर्षं पूर्ण झाल्याचं त्याने आपणहून सगळ्यांना कळवलं. एकोणीस जणांनी शुभेच्छा दिल्या. एकाने विचारलंय, आता पुढे काय बेत? अठरा जणांना तिच्या वतीने आभार कळवले. त्या एकाचं उद्यावर ठेवलं.

प्राजक्ताबाईंचा फोन ऑफिसात असताना आला, मेलखाली नंबर माझाच आहे. मोबाईलवर तासगावचं नाव आधीच भरून ठेवलंय, त्यामुळे कळलं. शेवटपर्यंत वाजला. आज बोलायची मनाची तयारी नव्हती. मोठ्या ऑर्डरसाठी ग्राहकाला जरा ताटकळत ठेवतात, असं ऐकलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा तासगाव. तीनदा. मी हातात फोन धरून बसलो होतो, म्हणजे उचलायची इच्छा होती असंच म्हणायला हवं.

निश्चय: डिसेंबरपासून प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलायचा.

६ डिसेंबर, शनिवार

जान्हवीने पकडलं. पाचव्या मेलची तारीख २०२८ दिसतेय म्हणाली. मी आगाऊपणाचं धोरण समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग रडायला लागली. मराठीत रागावता येत नाही तिला, शब्द सापडत नाहीत, मग बंगालीत जाते. जेते दाओ बाबा, जेते दाओ. आणि मला कळलं नसेल असं वाटून पुन्हा मराठीत, जाऊ दे तो मेल. आईने तो पाठवायलाच लिहिला होता. तूही वाच. मी किती दिवस एकटीच वाचलेला ठेवू?

हे मला सुचलंच नव्हतं, की तिलाही तो जड होत असेल. माझी चूकच झाली.

तिने तारीख बदलली. शुक्रवार, १२ डिसेंबर, सकाळी दहा. मी हरकत घेतली नाही.

८ डिसेंबर, सोमवार

तासगावचा फोन उचलला. चौथ्या रिंगला. सांगितलं एकदाचं. मी मुकुंद, अनुराधाचा नवरा, ती जुलैमध्येच गेली. मेल तिचेच आहेत, जूनमधले.

मग त्या म्हणाल्या, काका, मला वाटलं ताईंना आमची ऑर्डर लहान वाटली. तीन आठवडे वाट बघितली हो. गेल्या बुधवारी दुसरीकडे दिली, तेच सांगायला फोन केला. मग विचारलं, तुम्ही जेवता ना वेळेवर?

चार हजार पिशव्या गेल्या. मी हो म्हणालो, वेळेवर जेवतो.

११ डिसेंबर, गुरुवार

उद्या दहाला. दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. तिचं, मी न वाचलेलं असं जगात एवढंच उरलंय. उद्या वाचलं की संपलं. आणि त्यात ती म्हणणार की पुन्हा त्रास देणार नाही.

दुपारी ३

उपाय सापडला. सोपा आहे, पहिल्याच दिवशी इथे लिहिलाय. उत्तर द्यायचं. उत्तर आलं की पुढचा मेल जात नाही. शिवाय चार मेल येऊनही उत्तर दिलं नाही, हे बरं दिसत नाही.

दुपारी ४.१०

चौथ्या मेलला उत्तर लिहिलं. नेमकी अडचण काय, असा प्रश्न होता. आधी बरंच लिहिलं. गीझरची वॉरंटी कुठे ठेवलीस. भाजीवाला मला जास्त भाव लावतो. जान्हवी वाळलीय. संध्याकाळी घरी गेलो की आधी सगळे दिवे लावतो. अर्धं पान झालं. मग लक्षात आलं, तिने एका ओळीत मागितलंय. सगळं खोडून लिहिलं, अडचण ही की तू नाहीस. पाठवलं.

४.११

स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. 'अभिनंदन! मुकुंद यांचे उत्तर आले आहे. त्यांना पुढील मेल पाठवला जाणार नाही.'

पाच मिनिटं बरं वाटलं. मग ती पट्टी काढता येईल का ते शोधलं. येत नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

१०.०० पाचवा मेल एकशे अठ्ठ्याण्णव जणांना गेला. मला आला नाही. सिस्टिम चोख चालतेय.

१०.०५ आला नाही.

१०.४० कोल्हापूरहून उत्तर. दिगंबर म्हणून गुळाचे व्यापारी. 'पिशव्या नकोत. यादीतून नाव काढा.' उत्तराखाली मूळ मेल जोडलेला असतो. तीन टिंबं असतात, ती दाबली की उघडतो.

आधी दिगंबरांचं नाव यादीतून काढलं. पाणी प्यायलो. मग दाबली.

'नमस्कार दिगंबरजी,
बरेचदा लिहिलं, उत्तर आलं नाही. कामात असाल. हा माझा शेवटचा मेल, पुन्हा त्रास देणार नाही. पिशव्या कधी लागल्याच तर मुकुंदना फोन करा. त्यांना बोलायला जमत नाही, फोन उचलायलाही वेळ लावतात, पण माणूस चांगला आहे. दोनदा वाजू द्या, उचलतील.
अनुराधा'

दिगंबरजी. माझ्या नावाचा निघालाच नाही. माझं उत्तर आलं होतं ना.

दुपारी

जान्हवीला फोन करून वाचला म्हणून सांगितलं. ती हूं म्हणाली. मीही हूं म्हणालो. बराच वेळ दोघांनी फोन ठेवला नाही.

दुपारी २.१५

फोन वाजला. अनोळखी नंबर. पहिल्याच रिंगला उचलला. एक मुलगी होती, क्रेडिट कार्ड हवंय का विचारत होती. कागदावरून वाचत होती, मध्येच अडखळली तेव्हा म्हटलं, सावकाश सांग, मला घाई नाही. नको म्हणून सांगितलं, पण पूर्ण ऐकून घेतलं.