रेखाची चटई

मंगळवार, १२ डिसेंबर २०१७. डहाणू.

पाय दुखतायत, स्वयंपाकाचा कंटाळा आलाय आणि डोक्यातून ती चटई जात नाही.

मधेच शाळा सोडलेल्या पोरांसाठीची आमची ही एका खोलीची सरकारी शाळा. प्रत्येकाची चटई ठरलेली. रेखाची बरेच दिवस कोपऱ्यात गुंडाळून पडली होती. मागे ती रस्त्यात भेटली तेव्हा मी चिडून म्हटलं, "येणार नसशील तर तुझी जागा दुसऱ्याला देते." दुसऱ्या कुणाला? इथे कुठे रांग लागलीय! आहेत तेवढी पोरं टिकली तरी पुष्कळ.

आज गेले तर चटई पसरलेली. बरं वाटलं. पण तिच्यावर रेखाची आई बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये.

"रेखा कुठेय?"

"नरपडला, चिकूच्या बागेत. माझा हात मोडला, तर माझ्या जागेवर ती जाते. हात बरा झाला का येल ती."

"मग तुम्ही इथे?"

"तुम्हीच बोललात ना मॅडम, जागा दुसऱ्याला देईन. म्हणून बसलेय."

काय सांगणार होते मी? की ते नुसतं बोलणं होतं?

नळावर नंबर लावून ठेवलेल्या हंड्यासारखी ती दिवसभर त्या चटईवर बसून राहिली. भूमितीला पेंगली, पण उठली नाही.

पोरं कामं उरकून उशिरा येतात, म्हणून आम्ही हजेरी सुटताना घेतो. रेखाचं नाव आलं.

"हजर," आई म्हणाली.

एकही पोर हसलं नाही. मी पुढचं नाव घेतलं.