नऊ बाडांतली कोरी पानं

३ मार्च
मिळाली! फोटो स्टुडिओ बंद पडल्यावर चौदा महिन्यांनी, चाळिशी उलटल्यावर — नोकरी! तीन महिने कच्ची, मग कायम. काम एवढंच की ग्रंथालयातल्या जुन्या हस्तलिखितांच्या बाडांतल्या पानन् पानाचा फोटो काढायचा, म्हणजे ती कुणालाही घरबसल्या वाचता येतील. आईनं संध्याकाळपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात फोन फिरवला.

४ मार्च
हस्तलिखितं सांभाळणाऱ्यांना सगळे हळूकाका म्हणतात. मी पानाकडे नुसता हात नेला तरी "हळू!" मे अखेर निवृत्त होतायत, वर्षभराची मुदतवाढ मागितलीय. म्हणाले, "शेवटचं बाड इंटरनेटवर चढलेलं बघतो, मग खुशाल हाकला मला."

२० मार्च
पान बोटानं नाही, पट्टीनं उचलायचं — काकांनी हात धरून शिकवलं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला एवढं कोण शिकवतं?

१२ एप्रिल
मेले मी! नऊ बाडांतली कोरी पानं फोटो न काढताच उलटलीत. स्टुडिओतली खोड — डोळे मिटलेला फोटो दिसला की उडव! इथे पानांचा क्रमच तुटला. वाचणाऱ्याला वाटणार, पान फाटलं की कुणी पळवलं? नऊही बाडं पुन्हा उघडायची, आणि त्यातली दोन हात लावला तरी झडतात. ग्रंथपाल मॅडमनी काकांकडून लेखी खुलासा मागितलाय. माझं नाव येणार, नोकरी जाणार. आईला कुठल्या तोंडानं सांगू?

१३ एप्रिल
काका रागावले नाहीत. "रडायचं तर बाहेर जाऊन रडा बाई, पानं भिजतील." रडता रडता हसूच फुटलं.

३० एप्रिल
झाली नऊही! झडणारी दोन काकांनी स्वतः धरली, मी फोटो काढले. एक कपचाही निसटला नाही. आणि मॅडम मला अजून चकार शब्द बोलल्या नाहीत! देव पावला म्हणायचं. काकांचे तर किती उपकार मानू!

२८ मे
कायम होणार! आई फोनवरच रडली. काकांची मुदतवाढ मात्र फेटाळली. मला फार वाईट वाटलं. कारण विचारलं तर म्हणाले, "म्हातारा झालो, दुसरं काय."

२९ मे
कायम होण्याच्या कागदांवर सही करायला बसले, तर फाइलमध्ये काकांचा खुलासा. "कोरी पानं वगळायला मीच सांगितलं होतं. तिचा दोष नाही." खाली मॅडमचा शेरा — "मुदतवाढ देऊ नये."
सही केली नाही. मॅडमसमोरच लिहून दिलं — काकांनी मला वाचवायला खोटं लिहिलंय. पानं मी गाळली. मुदतवाढ त्यांना द्या.