ओढ्यातल्या किड्यांचं जेवणखाण

३ मार्च. सकाळी.
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, सून लिहिणार. मला अक्षर येत नाही, अक्कल येते. मध्ये हसायचं नाही, हेही लिही म्हटलं.
संकल्प: नातीला ओढ्याबाहेर काढणे. बँकेत नोकरी चालून आलीय, एक तारखेला हजर व्हायचंय. आणि बाईसाहेब कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी गुडघाभर पाण्यात किडे वेचतायत!

४ मार्च.
विचारलं, त्या किड्यांत आहे काय एवढं? म्हणाली, ते काय खातात ते बघते. काठावरच्या आपल्या झाडाच्या सावलीतले किडे गळलेली पानं कुरतडतात, पुढे उन्हातले दगडावरचं शेवाळ खरवडतात. सावलीवर जेवण ठरतं म्हणे. मग किड्याचं पोट फाडून काचेखाली बघायचं. आजी जेवली का, हे कधी विचारलं नाही!
सून म्हणते, ती रोज विचारते. (सुनेचं लिहू नये.)

९ मार्च.
निषेध म्हणून जेवण सोडलं. चार वाजता थोडं खाल्लं. अशक्तपणात प्लॅन सुचत नाही.

१२ मार्च.
सुचला. सावली गेली की सावलीतले किडे गेले, किडे गेले की प्रोजेक्ट गेलं, मग बँकच. शिकलेल्यांच्या डोक्यात एवढं सरळ येत नाही.
मुलाला सांगितलं, झाडाच्या फांद्या विजेच्या तारेला लागतात, तोडायला हव्यात. वर न बघताच हो म्हणाला. बापावर गेलाय.

१५ मार्च.
नात कॉलेजात. लाकूडतोड्या म्हणाला, आजी, सगळ्याच फांद्या? एवढी गार सावली! म्हटलं, कुऱ्हाड चालव, तोंड नको. दुपारपर्यंत झाड बोडकं, ओढ्यात लख्ख ऊन.
नात आली. काठावर बसून राहिली. रात्री जेवली नाही. संशय नको म्हणून मी दोन घास जास्त खाल्ले.

२२ मार्च.
नात ओढ्याकडे फिरकत नाही. बँकेसाठी तिचे कपडे मीच इस्त्रीला दिले. जिंकले. लिहिताना सून नाक ओढतेय. सर्दी असावी.

२९ मार्च.
कॉलेजच्या मॅडम आल्या, समजूत काढायला असतील. त्या तर ओढ्यात उतरल्या! वर येऊन म्हणाल्या, दगडांवर शेवाळ धरलंय, किड्यांचं खाणं बदलणार. सावलीतलं सगळं आधी नोंदलेलं आहे, आता उन्हातलं नोंदायचं. प्रयोगासाठी असं झाड बोडकं करायला कुणी परवानगी देत नाही, सोनं लागलंय हाताला. पुन्हा पालवी दाट होईपर्यंत तीन वर्षं काम.
कल्पना कुणाची, असं विचारलं. सुनेनं माझ्याकडे बोट दाखवलं. घरभेदी!

१ एप्रिल. दुपारी.
बँकेला नकार गेला. नात गळ्यात पडून म्हणाली, आजी, तू होतीस म्हणून! कप्पाळ माझं!
तरी झापायला ओढ्यावर गेले. भर उन्हात उभी राहून बोलायला तोंड उघडलं, तर वर न बघता म्हणाली, आजी, जरा बाजूला हो. किड्यांच्या ताटात तुझी सावली पडतेय.
झाले बाजूला.