रिकामी ट्रॉली, भरली ट्रॉली

तीर्थरूप मामा,

वाकून नमस्कार. (तीर्थरूप लिहून पुढे 'तू' म्हणणार आहे, चालवून घे.) गुडघा कसाय? मामी अजून जिना चढू देत नाही ना? बरं करते. इकडे सगळं ठीक. म्हणजे आई ठीक. माझं वाच.

शाळा सुटली, पण लाज तेवढी सोबत घेऊन मी इथे हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत आले. ट्रॉल्या ढकलते. ओल्या चादरींची ट्रॉली म्हणजे बसलेली म्हैस. पाय भिंतीला टेकवून खांद्याने रेटावी तेव्हा कुठे हलते. वर ताडपत्री, आतलं दिसत नाही. म्हणून नियम असा, की ट्रॉली आणणाऱ्याने ओरडायचं, 'भरली!' नाहीतर 'रिकामी!' मी आठ महिन्यांत एकदाही ओरडले नाही. दारावर टकटक करते. (इस्त्रीवाली मावशी मला मांजर म्हणते. मांजर निदान म्याव तरी करतं.)

मंगळवारी मीच एक रिकामी ट्रॉली आणली, गुपचूप भरलेल्यांच्या रांगेत लावली नि पाणी प्यायला गेले. परत येऊन बघते तर रिकामी कुठली नि भरलेली कुठली, मलाच कळेना. विचारायचं तर तोंड उघडावं लागणार! त्यापेक्षा समोर होती ती भरलेली समजून धरली आणि म्हशीचा जोर लावला. (आधी हळूच हलवून बघावं, हे आत्ता लिहिताना सुचतंय.) तू घोकून घेतलेलं ना, बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण? बल नेहमीचंच, वस्तुमान जेमतेम, मग त्वरण काय गप्प बसतंय! मी तोंडावर आपटले आणि ट्रॉली झुलत्या दारातून आरपार. पलीकडे सुपरवायझर बाई पाठमोऱ्या उभ्या. ट्रॉलीची बुटकी कड त्यांच्या गुडघ्यांमागे लागली आणि बाई ताडपत्रीसकट आत बसल्या. पुढे उतार. मी धावत जाऊन कडी धरली, जीव खाऊन मागे ओढली. रिकामी असती तर दोन पावलांत थांबली असती, पण बाई काही उशीचा अभ्रा नाहीत. जोर तेवढाच, वेग कमी व्हायचं नाव नाही. समोर मावशी, हातात गरम इस्त्री. आणि माझ्या तोंडून, अगदी नियमाप्रमाणे, निघालं, "भरलीऽऽ!"

मावशी उडी मारून बाजूला. ट्रॉली टॉवेलांच्या ढिगात. नोकरी गेलीच म्हणून मी एप्रनची गाठ सोडायला लागले, तर ढिगातून आवाज, "आवाज आहे की गं तुला! राहू दे तो एप्रन. सोमवारी नव्या पोरींना तूच शिकवायचं. आणि मोठ्याने!"

शिकवलं, मामा. चौघींसमोर. एकीने विचारलं, "रिकामी एवढी का पळते?" मी खडूने भिंतीवर सूत्र लिहिलं. कळलं म्हणाली.

मामीला नमस्कार. गुडघ्यावर जोर देऊ नकोस.

तुझी,
मांजर

ता. क. : दहावीला बाहेरून बसायचा फॉर्म आणलाय. तुझे रविवार हवेत. सगळे. आई म्हणाली, मामाला तोंडाने विचार. म्हणून पत्र लिहिलं.

अजून एक : तू सगळ्यांना सांगतोस, शाळा सुटली त्या दिवशी पोरीला फळ्यापाशी उत्तर येत होतं, लाजून बोलली नाही. येत नव्हतं, मामा. सूत्र नुसतं पाठ होतं. आलं मंगळवारी.